सत्तेचाळीस सेकंदांचा फोन

येकातेरिनबुर्ग, १२ फेब्रुवारी २००१

पापा,

हे पत्र कामाचं आहे. तुम्ही फोनला हात लावत नाही, स्टेशनवरच्यासुद्धा, असं क्लावा आत्याने कळवलं. म्हणून लिहिते आहे.

'तिसरं गोदाम'चा दुसरा भाग होतो आहे. दिग्दर्शक शाद्रिनच आहेत. अवगुस्ता पावलोव्ना गेल्या वर्षी निवृत्त झाल्या, तेव्हापासून ध्वनी माझ्याकडे आहे. सहा वर्षांपूर्वी तुमचा झिमीन गोदामात गोळी खाऊन पडला, तो मेलाच नव्हता असं आता ठरलं आहे. तो मॉस्कोत असतो. पडद्यावर दिसत नाही, फक्त फोन करतो. ज्याला फोन येतो तो दुसऱ्या दिवशी दुकान, कारखाना, खुर्ची, जे काय असेल ते सोडून निघून जातो. शाद्रिन म्हणतात, "तास्या, पूर्वी माणूस पिस्तूल घेऊन दारात यायचा. आता कोण येतंय? आता फोन येतो. आपल्या देशाने दहा वर्षांत केलेली प्रगती ती हीच. घे, सगळा पिक्चर सांगून टाकला तुला."

अख्ख्या चित्रपटात झिमीनचा एकच फोन ऐकू येतो. लांबी सत्तेचाळीस सेकंद. तो दोन प्रकारे होऊ शकतो. एक, तुम्ही यायचं आणि बोलायचं. तीन तासांचं काम आहे. पेत्रोपाव्लहून संध्याकाळी बसलात तर सकाळी इथे. दोन, तुम्ही यायचं नाही आणि मी पहिल्या चित्रपटाच्या फितींतून शब्द कापून ते जोडायचं. शाद्रिनना दोन्ही चालतं. ध्वनिमिश्रण वीस एप्रिलला आहे.

फितींवर हक्क स्टुडिओचा आहे. कायद्याने तुमची परवानगी लागत नाही. मला लागते.

आई बरी आहे, कपडेपटातच आहे. हे पत्र लिहिल्याचं तिला सांगितलेलं नाही.

तायसिया


येकातेरिनबुर्ग, ४ मार्च २००१

पापा,

तुमचं कार्ड मिळालं. एका बाजूला स्टेशनचा फोटो, दुसऱ्या बाजूला: 'आवाज तिथेच आहे. वापर. रो.' स्टेशनवर दिवसभर गाड्या पुकारून बोलणं संपत असेल, असं मी समजते.

काम सुरू केलं आहे. तुम्हाला आठवतं तसंच अजून चालतं. चित्रीकरणात जनरेटर, ट्राम, कुत्री असं सगळं येतं, म्हणून तिथला आवाज टाकून देतात आणि नट पुन्हा खोली क्रमांक चौदामध्ये उभे राहून सगळं बोलतात. त्यामुळे तुमचा झिमीन फितींच्या बावीस डब्यांत आहे. एकूण दोन तास दहा मिनिटं. डब्यांवर अवगुस्ता पावलोव्नांचं अक्षर. एका टेकनंतर दुसरा टेक सुरू होईपर्यंत त्या यंत्र कधी थांबवत नसत, हे मला माहीत नव्हतं. मी थांबवते. त्या म्हणायच्या म्हणे, फीत पुन्हा मिळते, बोललेलं पुन्हा मिळत नाही.

म्हणून सातव्या डब्यात असं आहे. झिमीन म्हणतो, "माझ्याकडे बघून बोल." मग तुम्ही खोकता. चमचा पेल्याला लागतो. मग तुम्हीच म्हणता, "अवगुस्ता, माझ्या तास्काने काल रेडिओ दुरुस्त केला. अख्खा खोलला आणि परत लावला. एक स्क्रू उरला. मी विचारलं, हा कुठला? तर म्हणते, पापा, हा कारखान्यातच जास्तीचा बसवला होता."

तो स्क्रू खरोखरच जास्तीचा होता. रेडिओ अजून चालतो.

अकराव्या डब्यात तुम्ही दुकानदाराचे संवाद वाचता. तो नट आलेला नव्हता आणि शाद्रिनना उत्तर-प्रत्युत्तराची लय हवी होती. तुम्ही आधी झिमीन होऊन धमकावता आणि लगेच दुकानदार होऊन गयावया करता. दोन्ही एका श्वासात. ते मी एकदा ऐकलं आणि डबा बाजूला ठेवला.

आईला आता सांगितलं आहे. ती कोट टाचत होती, तोंडात टाचण्या. टाचण्या काढून म्हणाली, "मी तेव्हाच ओरडले होते. मेल्याचा शॉट झाला की कॅमेऱ्याला जीभ दाखवायची, म्हणजे मरण पडद्यावर राहतं, घरी येत नाही. शेंबड्या पोराला कळतं हे! मी म्हणते, रोद्या, जीभ दाखव. आणि हा उठून काय म्हणतो? 'नोन्ना, मी नाट्यगृहाचा नट आहे.' घ्या आता! नाही दाखवलीस ना जीभ? म्हणून तो मेला नाही. म्हणून दुसरा भाग आला." दिग्दर्शक, पटकथा, पैसे घालणारे, कोणाचाच काही संबंध नाही. सगळं तुमच्या जिभेमुळे.

पैसे घालणाऱ्यांवरून सांगते. ग्लुखोव स्टुडिओत आला होता. तो आता दुकानांतून हप्ते घेत नाही, नगरपरिषदेत आहे. टाय लावतो. मुलांसाठी बॉक्सिंगची शाळा काढली आहे. चित्रपटाच्या सुरुवातीला ज्यांचे आभार मानायचे त्यांत त्याचं नाव दुसरं आहे. झिमीन जिवंत असावा ही सूचनाही त्याची. मला म्हणाला, "तू रोदिओन साव्विचची ना? केवढी झालीस! पापा कुठे असतात?"

"लांब."

"त्यांना सांग, लोकांना आठवण येते त्यांची."

"कोणत्या लोकांना?"

"लोकांना गं. लोकांना."

त्याच्या हातात फोन होता, खिशात मावणारा. तो सारखा उघडत होता आणि मिटत होता.

'उद्या बारापर्यंत जागा रिकामी पाहिजे' हे वाक्य मला लागणार आहे. ते बावीस डब्यांत सात वेळा आहे. तुम्हाला आणि मला ते आणखी एका ठिकाणचं माहीत आहे. परवानगी देताना तुम्ही त्याचा विचार केला होता का, ते कार्डावर लिहिलेलं नाही.

तास्या


येकातेरिनबुर्ग, २१ मार्च २००१

पापा,

घडलं ते क्रमाने सांगते. मध्ये काही गाळलंय असं वाटलं तर मला कळवा, कारण गाळायची इच्छा आहे.

सत्तेचाळीस सेकंद तयार झाले. एकतीस तुकडे. दोन ठिकाणी श्वास दुसऱ्या डब्यातून आणावा लागला. 'मॉस्को' हा शब्द पहिल्या चित्रपटात नव्हता, तो तुम्ही चौथ्या डब्यात चहा पिताना म्हणाला होतात, तिथून घेतला. जोड कुठे आहेत ते मलाही ऐकू येत नाहीत. हे माझं आजवरचं सगळ्यात चांगलं काम आहे आणि मला त्याचा आनंद झाला होता. हे आधी नोंदवते.

मग त्याला फोनचा आवाज द्यायचा होता. यंत्रावर वरचे-खालचे सूर कापले की होतं, पण खोटं वाटतं. अवगुस्ता पावलोव्नांची पद्धत मी वापरते. खऱ्या फोनवरून पाठवायचं आणि दुसऱ्या टोकाला टिपून घ्यायचं. मी नऊ नंबरच्या खोलीतल्या फोनला रेकॉर्डर जोडून चालू ठेवला. तिथे उत्तर देणारं यंत्र आहे, ते चार रिंग झाल्या की लाईन उचलतं. मग चौदामध्ये येऊन नऊचा नंबर फिरवला. उचलल्याचा खटका ऐकू आला, तसा रिसीव्हर स्पीकरसमोर ठेवला, फीत सोडली आणि हेडफोन लावून पातळी बघत बसले.

गेल्या वर्षी अर्धा मजला फर्निचरवाल्यांना भाड्याने दिला, तेव्हा नंबर कमी पडले. तेव्हापासून नऊ नंबरची खोली आणि कपडेपट एकाच लाईनवर आहेत. घंटा दोन्हीकडे वाजते. मी कपडेपटाच्या दारावर चिठ्ठी लावली होती: 'अकरा ते साडेअकरा फोन उचलू नये.' आई मागच्या जिन्याने आली, तिकडच्या दारावर चिठ्ठी नव्हती. यंत्र चौथ्या रिंगला उचलतं. तिने दुसऱ्याच रिंगला उचलला.

मी खटका ऐकला. रिंग मोजल्या नाहीत. मी सगळं मोजते आणि तेवढंच मोजलं नाही.

नऊमध्ये जाऊन फीत ऐकली. त्यावर हे आहे.

"झिमीन बोलतोय."

"रोद्या?"

"मी मेलो असं वाटलं ना तुम्हाला?"

"नाही रे! असं काय बोलतोस? मला कधीच वाटलं नाही तसं."

"बोलू नका. ऐका."

"ऐकते. ऐकते आहे."

"मी आता मॉस्कोत आहे. इथून सगळं दिसतं. उद्या बारापर्यंत जागा रिकामी पाहिजे."

"कुठली जागा? रोद्या, तुझी खोली आहे तशीच आहे. मी कोणाला दिली नाही. तास्याची दोन यंत्रं ठेवली आहेत फक्त, ती काढते."

"बारा म्हणजे बारा."

"बरं."

इथे मी फीत थांबवली. 'बरं' हा शब्द तिने ज्या आवाजात म्हटला तो तुम्हाला माहीत आहे. आपल्याकडे फोनवर वरच्या माणसाशी बोलताना सगळे त्याच आवाजात 'बरं' म्हणतात.

ती वर आली तेव्हा मी नऊमध्येच बसले होते. तिच्या हातात माझ्या चिठ्ठीचा कागद नव्हता, कात्री होती. म्हणाली, "तास्या, तुझे पापा बोलत होते. रागावलेत. मी काय केलं?"

मी सांगितलं. फीत, तुकडे, लाईन. ती उभी राहून ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे तिकडे कोणी नव्हतंच?"

"नाही."

"आणि मी एकटीच बोलत होते?"

"हो."

"तू केलंस हे?"

"तू असशील हे मला माहीत नव्हतं."

हे वाक्य माझ्या तोंडून बाहेर पडलं आणि मला तुम्ही आठवलात.

चार वर्षांपूर्वी मी कोपऱ्यावरच्या फरीद गालिमोविचकडे पाव आणायला गेले, तर बेकरीला कुलूप. काचेतून आत दिसत होतं. परातीतलं पीठ फुगून काठावरून खाली उतरलं होतं आणि जमिनीवरून दाराकडे येत होतं. बाजूची बाई म्हणाली, गेले फरीद, झिमीनचा फोन आला होता म्हणे, खुद्द झिमीनचा. मी हसत घरी आले आणि जेवणाच्या टेबलावर तुम्हाला गंमत म्हणून सांगितली. तुम्ही चमचा खाली ठेवलात. मग म्हणालात की ग्लुखोवच्या वाढदिवसाला सगळ्यांनी झिमीनचं ते वाक्य म्हणायचा आग्रह केला, कोणीतरी नंबर फिरवून रिसीव्हर हातात दिला, तुम्हाला वाटलं समोर त्यांच्यातलाच कोणी आहे. "कोण आहे ते मला माहीत नव्हतं, तास्का."

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते आणि मला वाटलं की हे उत्तर पुरेसं नाही. अजूनही वाटतं. पण तेव्हा मी तुम्हाला जे म्हटलं, की तुमचा आवाज पुन्हा ऐकायची माझी इच्छा नाही, ते एखाद्याने चार वर्षं पाळावं इतकं मोजून म्हटलेलं नव्हतं.

तुमचा आवाज मी गेले सतरा दिवस रोज सहा तास ऐकते आहे.

आईने ती फीत मागून घेतली. आता ती माझ्याशी बोलत नाही. आज दुसरा दिवस. पण काल रात्रीचं सूप झाकून ठेवलं होतं.

तास्या


येकातेरिनबुर्ग, ८ एप्रिल २००१

पापा,

आठ पानं! पाकीट इतकं जाड होतं की पोस्टातल्या बाईने विचारलं, आत काय आहे. मी सांगितलं, कागद.

सगळ्याचं उत्तर देत नाही. एक वाक्य मात्र मी तीनदा वाचलं: 'समोर कोण आहे ते विचारायचं सुचलंच नाही, कारण मी टेबलाभोवतीच्या टाळ्या ऐकत होतो.' आणि शेवटी तुम्ही विचारलं आहे की फरीद कुठे असतो. त्याचं उत्तर खाली आहे.

आधी स्टुडिओ. शाद्रिनना मी सांगितलं की फोनची घंटा देते, आवाज देणार नाही. एकतीस तुकड्यांची प्रत पुसून टाकली. मूळ डबे जागेवर आहेत.

"का?" ते म्हणाले.

मी आईची गोष्ट सांगितली. ते खूप हसले आणि मग हसू थांबवून म्हणाले, "बिचारी नोन्ना." ते वाईट नाहीत, तुम्हाला माहीत आहे.

मग मी शाद्रिनना म्हटलं, "वादिम ल्वोविच, पहिल्या भागात दुकानदाराला चेहरा होता. झिमीन त्याच्याशी बोलायचा तेव्हा आपण त्याच्याकडे बघायचो. या भागात सहा जणांना फोन येतो आणि एकाचंही तोंड दिसत नाही. तिकडे कोण उचलतं ते एकदा दाखवा ना. दहा सेकंद."

"तिकडे कोण बसलंय ते दाखवलं, तर लोक झिमीनला टाळ्या कशा वाजवतील?"

"तेच म्हणते आहे."

"तू अभियंता झालीस तेच बरं झालं. पटकथा लिहिली असतीस तर आपण सगळे उपाशी मेलो असतो." मग खांद्यावर थोपटून गेले. ते मॉस्कोतून एका नटाला आणणार आहेत, तो कोणाचाही आवाज काढतो. ते त्याला तुमच्या फिती ऐकवणार. ते मला थांबवता येत नाही. चित्रपट तसाच होईल आणि चालेल.

आता फरीद गालिमोविच. ते रेव्दा गावात आहेत, बस डेपोच्या मागे बेकरी आहे. मी रविवारी न कळवता गेले. कोपरापर्यंत पीठ लागलेले हात घेऊन ते बाहेर आले.

"काय पाहिजे, पोरी? काळा पाव अजून उतरायचाय."

"मी रोदिओन कोलिवानोवची मुलगी."

त्यांनी हात एप्रनला पुसले. "बस. तिथे नको, तिथे पीठ सांडलंय. इथे बस. रेझेदा, चहा टाक!"

मी म्हटलं की चहा नको. त्यावर बायको आतूनच ओरडली, "नको म्हणणाऱ्याला दोन कप देतात आमच्याकडे!"

मी सांगितलं ते सगळं त्यांनी ऐकलं. वाढदिवस, टाळ्या, समोर कोण होतं ते माहीत नसणं. शेवटी म्हणाले, "अगं, नट आहे हे मला कळलं होतं."

मी चहाचा कप खाली ठेवला.

"मी तो पिक्चर तीनदा पाहिलाय. आवाज लगेच ओळखला. म्हटलं, हा तर कोलिवानोव, नाट्यगृहातला, त्याच्या घरी माझाच पाव जातो, त्याला खसखशीचा लागतो. हसायला हवं होतं मला. पण मग विचार केला, ज्यांनी झिमीनसुद्धा घरी आणून बसवलाय त्यांच्याशी मी काय भांडू? पोलीस त्यांचे, परिषद त्यांची, आता पिक्चरही त्यांचाच. म्हटलं, बरं. आणि पीठ मळायचा मिक्सर गाडीत टाकला."

"ते तुम्हाला भेटायला येतील," मी म्हटलं. "तुम्ही हो म्हणालात तर."

"भेटायला? नाही नाही. घरी आलेल्याला चहा द्यावा लागतो, पुढ्यात काहीतरी ठेवावं लागतं. मग भांडायचं कधी? त्याला म्हणावं, फोन कर. फोनवर बोलला होता, फोनवरच बोलू दे. मी उचलीन."

"ते चार वर्षं फोनला हात लावत नाहीत."

"मी चार वर्षं घंटा वाजली की बायकोला पाठवतो. दोघांचंही जरा सुटेल."

तर हा असा निरोप आहे. नंबर वेगळ्या कागदावर लिहिला आहे, आकडे दोनदा तपासले आहेत. शनिवारी, अठ्ठावीस एप्रिलला, अकरा वाजता पहिली भट्टी उतरते, तेव्हा ते मोकळे असतात. अकरा आमचे, म्हणजे तुमचे बारा. स्टेशनच्या घड्याळावर जाऊ नका, ते मॉस्कोची वेळ दाखवतं.

तुम्ही फोन कराल की नाही ते मला कळवू नका. त्यांना मात्र मी सांगितलं आहे की कराल. मला खात्री नसताना मी असं सहसा बोलत नाही.

आई बोलायला लागली. पहिलं वाक्य: "तुझ्या पत्रात माझ्याबद्दल काय लिहिलंस ते वाचून दाखव." मी प्रत ठेवत नाही, असं सांगितलं. ते खरं नाही.

तास्या


येकातेरिनबुर्ग, २८ एप्रिल २००१

पापा,

तुम्ही एका टोकाला होतात, म्हणून दुसरं टोक तुम्हाला दिसलं नाही. मी तिथे होते. ते तुम्हाला लिहून पाठवायचं म्हणून दुपारच्या बसने परत येऊन आजच बसले आहे.

मी साडेदहाला पोचले. फरीद गालिमोविचनी स्वच्छ सदरा घातला होता आणि वर पुन्हा पिठाचा एप्रन. फोन काउंटरवर आहे, पिवळा, रिसीव्हरला चिकटपट्टी गुंडाळलेली. ते त्याच्याकडे बघत नव्हते. पावाच्या फळ्या पुसत होते. पुसलेल्या पुन्हा पुसत होते.

अकरा वाजले. काही नाही. रेझेदा माझ्याकडे बघायला लागली. अकरा वाजून दोन मिनिटांनी एक माणूस पाव घ्यायला आला, तर ती त्याला म्हणाली, "बंद आहे." तो म्हणाला, "दार उघडं आहे की!" ती म्हणाली, "दार उघडं आहे, आम्ही बंद आहोत."

अकरा वाजून चार मिनिटांनी घंटा वाजली. तुमच्या स्टेशनवर गाड्या अशाच सोडता का?

सवयीने रेझेदा पुढे झाली. त्यांनी हाताने अडवलं. पाचव्या रिंगला उचलला. हात कोरडे होते तरी एप्रनला पुसून उचलला.

"फरीद बोलतोय."

मग बराच वेळ काहीच नाही. मी माझ्या घड्याळात बघितलं, चाळीस सेकंद. इतक्या वेळात आपल्याकडे माणूस 'हॅलो, हॅलो' करून फोन ठेवतो. ते म्हणाले, "आहे. मी आहे इथे. घ्या वेळ." आणि पिठाच्या पोत्यावर बसले.

तेव्हा मी बाहेर गेले. तुमचा आवाज रिसीव्हरमधून झिरपत होता आणि माझे कान चांगले आहेत. मला तो ऐकायचा होता, म्हणून गेले.

काचेतून एवढं दिसलं. आधी ते ऐकत होते. मग उभे राहिले आणि ओरडायला लागले. एक हात हवेत असा वर-खाली, जसा ते पीठ कापतात तसा. पाव घ्यायला आलेला माणूस माझ्याशेजारी उभा होता, म्हणाला, "कोणावर चिडलाय एवढा?" रेझेदाही बाहेर आली होती. ती म्हणाली, "चार वर्षं वाट बघतोय भांडायची. भांडू दे त्याला." मग ते पुन्हा बसले. मग पाठ करून भट्टीकडे तोंड केलं. खांदे बघून मला काही सांगता येणार नाही, मी खांद्यांची तज्ज्ञ नाही. एकूण एकोणीस मिनिटं.

दारात आले आणि म्हणाले, "झालं."

"काय म्हणाले?"

"ते आमच्या दोघांतलं आहे."

"बरोबर."

मग तेच म्हणाले, "पण पोरी, हा तो माणूसच नाही गं! तुझ्या बापाचा आवाज किती बारीक आहे. रडवेला. मला तर आधी वाटलं, कोणी बाई बोलते आहे."

"घरी असाच असतो," मी म्हटलं. "तो दुसरा कामाचा होता."

माफ केलं असं ते म्हणाले नाहीत, आणि मी विचारलं नाही. तुम्हाला जे सांगायचं ते त्यांनी सांगितलंच असेल. मला त्यांनी दोन पाव दिले. एक आमच्यासाठी. दुसरा खसखशीचा, तुमच्यासाठी, आणि बजावलं की हा त्याला ताजा द्यायचा नाही, येईपर्यंत फडताळात ठेव, दगड होऊ दे, एक दात तरी पडला पाहिजे त्याचा. रेझेदाने त्यांच्या नकळत पाव दुहेरी कागदात गुंडाळला, म्हणजे वाळायला वेळ लागेल.

घरी आले. आईला म्हटलं, "अकरा चार ते अकरा तेवीस." ती "हं" म्हणाली आणि तुमच्या खोलीतली माझी यंत्रं माझ्या खोलीत आणून ठेवायला लागली. ती जड आहेत आणि तिची कंबर दुखते, म्हणून मीही उचलली. दोन यंत्रं नव्हती, पाच होती. तिने फोनवर तुम्हाला चुकीचा आकडा सांगितला होता. अर्थात तुम्ही तो ऐकलाच नाहीत.

आमच्या बागेतली गोठलेली जमीन आता मोकळी झाली आहे. बटाटे दहा मेच्या आत लावायला हवेत. सहा ओळी आहेत. गेली चार वर्षं आम्ही दोघींनी तीनच लावल्या, कारण आई खणते आणि मी टाकते आणि बुजवायला तिसरं माणूस लागतं. पेत्रोपाव्लहून तीन मेच्या गाडीत जागा आहे, मी स्टेशनवर विचारून घेतलं. खालचा बर्थ.

जुने बूट घेऊन या. चिखल आहे.

तुमची तास्का